केसकरांची आकाशवाणी आणि तरुण श्रोता

डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. मराठी घरातला हा विद्वान गृहस्थ उत्तर प्रदेशातून लोकसभेवर निवडून गेला होता. आम्हां परप्रांतस्थांस त्यांच्याविषयी आपुलकी वाटावी हे साहजिकच. म्हणूनच त्यांच्या चुकीविषयीही मोकळेपणाने लिहिण्याचा हक्क आम्ही घेत आहो.

चित्रपटगीतांनी तरुणांची अभिरुची बिघडते, असे केसकरांचे ठाम मत होते. आकाशवाणीवरील या गीतांना त्यांनी कात्री लावली आणि गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरविली. निर्माते बिथरले, त्यांनी परवाने काढून घेतले, आणि काही महिन्यांतच आकाशवाणीवरून चित्रपटगीत जवळजवळ नाहीसे झाले.

तरुण मात्र नाहीसा झाला नाही. त्याने काटा फिरविला व सिलोन लावले. ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि फिती विमानाने कोलंबोस जात! दर बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओभोवती कोंडाळे जमे. झुमरी तलैयासारखे आडगाव नुसत्या फर्माइशींच्या पत्रांनी देशभर ठाऊक झाले. परिपत्रकाने काय होते व काय होत नाही, हे सरकारी कचेरीत बसणाऱ्यांस निराळे सांगावयास नको.

केसकरांचे श्रेय नाकारणे मात्र अन्यायाचे होईल. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्येच सुरू झाला व थोर गवयांचे गाणे दूरदूरच्या घरांत पोहोचले. उणीव होती ती या दोन तीरांमधील पुलाची. त्याच वर्षी 'बैजू बावरा' हा चित्रपट निघाला. त्यात उस्ताद अमीर खाँ आणि आमचे द. वि. पलुसकर यांची देसी रागातली जुगलबंदी आहे. नौशादांनी ती पडद्यावर आणली व चित्रपटगृहातल्या पोरांनी ती आवडीने ऐकली. तीच तबकडी वाजवून 'हा देसी. आता याचा विस्तार ऐका' असे कोणी नभोवाणीवरून समजावून सांगितले असते, तर सिलोन ऐकणारी किती मुले राष्ट्रीय कार्यक्रमाकडे वळली असती! ज्या गीताला दारच बंद, त्याचे रसग्रहण तेथे शिकविणार तरी कोण?

चित्रपटाच्या बाबतीत थोडा निराळा विचार झाला. स. का. पाटील समितीने १९५१ च्या अहवालात चित्रपट-शिक्षणाच्या संस्थेची शिफारस केली. ती १९६० साली पुण्यास प्रभातच्या आवारात उभी राहिली, आणि तेथे सतीश बहादुर यांनी चित्रपट कसा पाहावा हे शिकविण्यास आयुष्य वाहिले. चित्रपटगीताला असा शिक्षक लाभला नाही.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू झाली व चित्रपटगीत आकाशवाणीवर परतले. मंत्री तेव्हाही केसकरच होते.