कृपया पान उलटावे

बी.कॉम. झालेल्या माणसाने तत्त्वज्ञानाच्या वाटेला जाऊ नये, असा एक अलिखित नियम आहे. आमच्या जगात प्रश्न एकच : रक्कम नावे टाकायची की जमा करायची? 'मी कोण?' हा प्रश्न काउंटरच्या आतल्या माणसाला कधी पडत नाही. पडलाच तर तो बाहेरच्याला पडतो, आणि तोही 'मी कोण आहे ठाऊक आहे का तुम्हाला?' अशा स्वरूपात.

त्यामुळे मी ॲरिस्टॉटल वाचतोय हे कळल्यावर घरात आणि शाखेत सारखीच काळजी पसरली. आमच्या हेड कॅशियरनी आवाज खाली आणून "सगळं ठीक आहे ना?" असं विचारलं. हिने काही विचारलं नाही. रात्री मुकाट्याने दुधात हळद घालून दिली.

तेव्हा आधीच खुलासा करतो. मी वाचतो तो ॲरिस्टॉटल चढणीचा नाही. त्याचा 'मेटाफिजिक्स' हा ग्रंथ इब्न सिनासारख्या प्रकांड पंडिताने चाळीस वेळा वाचला, तो पाठ झाला, पण कळला नाही. शेवटी बाजारात तीन दिरहमांना मिळालेल्या अल्-फाराबीच्या पुस्तकाने तो उलगडला, असं त्याने स्वतःच सांगून ठेवलं आहे. म्हणजे गाईड घेण्याची परंपरा हजार वर्षांची आहे. चाळीस वेळा वाचायला आमच्याकडे रजा शिल्लक नाही. म्हणून मी धरलं ते 'अथेन्सची राज्यघटना' हे एकोणसत्तर लहान प्रकरणांचं पुस्तक. आणि ते धरण्यामागचं कारणही धंद्यातलंच आहे. हे पुस्तक आपल्यापर्यंत पोचलं ते एका हिशेबवहीच्या पाठीवर बसून!

ती हकिकत अशी. ॲरिस्टॉटल (इ.स.पू. ३८४ ते ३२२) आणि त्याचे शिष्य यांनी मिळून १५८ राज्यांच्या घटना गोळा केल्याची नोंद आहे. हे सगळं कालांतराने गडप झालं. उरले ते इतर लेखकांनी दिलेले तुकडे. म्हणजे मूळ पावती हरवलेली आणि नुसते संदर्भ शिल्लक. मग १८८८-८९च्या सुमारास ब्रिटिश म्युझियमने इजिप्तमधून पपायरसच्या चार गुंडाळ्या विकत घेतल्या. तिथल्या फ्रेडरिक केन्यन नावाच्या विशीतल्या तरुणाने त्या वाचल्या आणि जानेवारी १८९१मध्ये छापून जाहीर केलं, की हीच ती अथेन्सची घटना. सुरुवातीचा भाग तेवढा नाही, पण बाकीचा बराचसा आहे. विद्वानांच्या जगात त्या दिवशी पेढे वाटले गेले असतील.

पण मला चटका लावून गेली ती दुसरीच गोष्ट. या गुंडाळ्यांची पुढची बाजू, म्हणजे जी खरी लिहायची बाजू, ती ॲरिस्टॉटलची नाहीच. तिथे आहेत शेतीचे हिशेब! इजिप्तमधल्या हर्मोपोलिस भागात एपिमाखस नावाचा एक जमीनदार होता. त्याचा कारभारी डिडिमस याने रोमन सम्राट व्हेस्पेशियनच्या काळात, इ.स. ७८-७९ साली, ही जमाखर्चाची नोंद ठेवली. मजुरी किती, जमा किती, खर्च किती. वर्ष सरलं, हिशेब जुने झाले, आणि महाग पपायरस फुकट कशाला घालवा म्हणून कोणीतरी मागच्या कोऱ्या बाजूवर ॲरिस्टॉटल उतरवून घेतला. चार वेगवेगळ्या हातांची अक्षरं त्यात ओळखू येतात. पहिल्याने तर जागोजागी शब्द तोडून खुणा वापरल्या आहेत. मार्चअखेर काम केलेल्या माणसाला त्याचं दुःख समजावून सांगावं लागत नाही.

बरं, पुस्तक सापडलं म्हणजे कळलं असं नाही. इथून पुढे सुरू होतो तो अर्थ लावण्याचा उद्योग, आणि तो पाहिल्यावर माझी खात्री पटली, की हे विद्वान म्हणजे आमच्याच जातीचे लोक आहेत. फक्त त्यांना ऑडिटर म्हणत नाहीत इतकंच.

पहिला आक्षेप सहीवरच. हे ॲरिस्टॉटलने स्वतः लिहिलं, की एखाद्या शिष्याकडून लिहवून घेतलं? कारण 'पॉलिटिक्स' या ग्रंथात म्हटलंय, की ड्रॅकोनने कायदे केले ते आधीच अस्तित्वात असलेल्या घटनेसाठी. आणि इथे चौथ्या प्रकरणात त्याच ड्रॅकोनच्या नावावर एक अख्खी घटना जमा! एकाच खातेदाराच्या दोन पासबुकांत दोन शिल्लक. जर्मनीच्या विलामोवित्सने १८९३मध्ये दोन खंड लिहिले, त्याच्या मते लेखक ॲरिस्टॉटलच. इंग्लंडच्या पी. जे. ऱ्होड्सने १९८१मध्ये जवळपास आठशे पानांचं भाष्य लिहिलं, त्याचा कल शिष्याकडे. एवढ्याशा पुस्तकावर आठशे पानं! आमच्याकडे ऑडिटचे शेरे मूळ वहीपेक्षा जाड असतात, त्याची मला उगीचच लाज वाटायची.

दुसरा आक्षेप तारखेचा. पंचविसाव्या प्रकरणात थेमिस्टोक्लीस एक डाव खेळतो आणि बिचारा एफियाल्टीस नुसत्या अंगरख्यावर पळत जाऊन देवाच्या वेदीचा आसरा घेतो. प्रसंग फक्कड आहे. पण तो आहे इ.स.पू. ४६२च्या सुमाराचा, आणि नेहमीच्या कालगणनेप्रमाणे थेमिस्टोक्लीस त्याआधीच काही वर्षं अथेन्स सोडून गेलेला! गैरहजर माणसाची मस्टरवर सही सापडावी तसा हा प्रकार. अशा वेळी जाणकार लोक पुस्तक फेकून देत नाहीत. ते शांतपणे विचारतात, 'ही नोंद इथे आली कुठून?' हाच खरा प्रश्न असतो.

तिसरा आक्षेप टक्केवारीचा, म्हणजे थेट आमच्या खात्यातला. गरीब लोक श्रीमंतांच्या जमिनी कसत, त्यांना 'हेक्टेमोरोई' म्हणजे 'सहाव्या हिश्श्याचे' म्हणत, आणि खंड थकला तर ते बायकापोरांसकट गुलामीत जाऊ शकत, असं पुस्तक सांगतं. पण सहावा हिस्सा मालकाला द्यायचा, की स्वतःकडे ठेवायचा? सहावा द्यायचा तर बरी स्थिती. पाच द्यायचे आणि एक ठेवायचा तर उपासमार. प्लुटार्क म्हणतो, द्यायचा. विद्वानांचं अजून भांडण चालू आहे. मला त्यात नवल वाटत नाही. आपल्याकडे अर्धेलीने किंवा खंडाने जमीन कसताना कोणी कोणाला किती द्यायचं हे गावातल्या पोरालाही ठाऊक असतं. आणि जे सगळ्यांना ठाऊक असतं, ते लिहून ठेवायचं कोणाला सुचत नाही. इतिहासात सगळ्यांत मोठा अंधार नेमका त्याच ठिकाणी असतो.

आणि मग येतं सहावं प्रकरण. तिथे मी खुर्चीत ताठ बसलो, कारण विषय निघाला कर्जमाफीचा! इ.स.पू. ५९४च्या सुमारास सोलोनच्या हाती कारभार आला आणि त्याने कर्जं रद्द केली. माणसाने स्वतःला तारण ठेवून कर्ज काढायचं, हा प्रकारही बंद केला. पण घोषणेआधी त्याने ही गोष्ट काही बड्या मंडळींच्या कानावर घातली होती. मंडळींनी काय करावं? धावत जाऊन भरपूर कर्ज काढलं, जमिनी घेतल्या, आणि थोड्याच दिवसांत कर्ज माफ! जमिनी राहिल्या. पुढे 'पिढीजात श्रीमंत' म्हणून मिरवणारी घराणी यातूनच निघाली म्हणे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट वाचून हेड कॅशियर एवढंच म्हणाले, "मग आपण नवीन काय केलं?"

यात सोलोनचा हात होता का? इथे लेखक जे करतो, त्यासाठी मी त्याला शंभर चुका माफ करीन. मग तो ॲरिस्टॉटल असो की त्याचा शिष्य. तो दोन्ही बाजू मांडतो. एक बाजू म्हणते, मित्रांनी सोलोनला फसवलं. दुसरी म्हणते, तोही वाटेकरी होता. मग तो माणसाचं बाकीचं खातं तपासतो. ज्याला हुकूमशहा होता आलं असतं आणि ज्याने ते नाकारलं, दोन्ही पक्षांचा राग ओढवून घेऊन ज्याने राज्याचं हित पाहिलं, तो असल्या फुटकळ व्यवहारात हात कशाला बरबटवून घेईल? आणि साक्षीला तो सोलोनच्याच कविता काढतो. नुसत्या अफवेवर कोणाच्या नावे काही टाकायचं नाही, हा धडा मला कॉमर्स कॉलेजात कोणी दिला नव्हता.

याच पुस्तकात हेही लिहिलंय, की अथेन्समध्ये चिठ्ठ्या टाकून दहा हिशेबतपासनीस नेमत, प्रत्येक अधिकाऱ्याला त्यांच्यापुढे हिशेब द्यावा लागे, आणि अफरातफर शाबीत झाली तर दसपट भरावे लागत. दसपट! हा आकडा मी शाखेत मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा दोन मिनिटं कोणी चहाला हात लावला नाही.

राहता राहिला डिडिमस. ॲरिस्टॉटलचं नाव घेणारे कोट्यवधी, पण ज्याच्या पाठीवर बसून तो आला त्या कारकुनाचं काय? त्याचीही कदर झाली. १९६०मध्ये पोलंडच्या अ‍ॅना श्विदेरेक या विदुषीने त्याच्या हिशेबांवर, त्यातल्या शेतीवर, अख्खं पुस्तक लिहिलं. म्हणजे एकोणीसशे वर्षांनी का होईना, पान पुन्हा उलटलं गेलं आणि पुढची बाजू वाचली गेली.

माझी चिंता वेगळीच आहे. आम्ही आता सगळा हिशेब संगणकात भरतो. आकडे चोख जुळतात, अक्षराची तक्रार नाही, कागद वाचतो. पण संगणकाला मागची बाजू नसते. उद्याच्या ॲरिस्टॉटलने बसायचं कुठे?