निसर्गदृश्य छायाचित्रण
निसर्गदृश्य छायाचित्रण : डोंगर, नद्या, अरण्ये, सागरकिनारे, आकाश आणि हवामानाचे पालट यांना चित्राचा मुख्य विषय मानून केलेले छायाचित्रण. प्रस्तुत नोंदीत काचपट्टी व फिल्म यांवर झालेल्या, म्हणजे सु. १८५० ते २००० या काळातील कार्याचा विचार केला आहे. या शाखेचा इतिहास बहुधा भिंगांच्या व कॅमेऱ्यांच्या सुधारणांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तिला रूप दिले ते प्रकाशसंवेदी द्रव्याच्या उणिवांनी. आरंभीच्या द्रव्यास सर्व रंग सारखे दिसत नसत, उन्हातील ढग व दरीतील सावली ही दोन्ही एकाच वेळी पेलणे पुढेही अवघडच राहिले, आणि बरोबर नेलेल्या पट्ट्या किंवा फिल्म मोजक्याच असत. त्यामुळे चित्र कसे उमटावे हे उद्भासनापूर्वीच, म्हणजे फिल्मवर प्रकाश पडू देण्यापूर्वीच, ठरवावे लागे. हौशी छायाचित्रकारांना या छंदात जो आनंद लाभला, तो मुख्यतः या आगाऊ पाहण्याचा होता.

ओल्या कलोडियन प्रक्रियेत (१८५१) काचेवर द्रव्याचा लेप देणे, उद्भासन व विकासन ही सर्व कामे लेप ओला असेतोवर, म्हणजे थोड्या मिनिटांतच, उरकावी लागत. साहजिकच छायाचित्रकारास अंधारी राहुटी, रसायने व पाणी यांसह डोंगर चढावा लागे. सॅम्युएल बोर्न (१८३४–१९१२) या इंग्रज छायाचित्रकाराने असा लवाजमा घेऊन १८६६ मध्ये हिमालयातील मणिरंग खिंडीत सु. ५,६०० मी. उंचीवर चित्रे घेतली. हे द्रव्य निळ्या व जांभळ्या प्रकाशास फार संवेदनशील, तर हिरव्या व तांबड्यास जवळजवळ आंधळे होते. परिणामी झाडी काळवंडे आणि आकाश कोरे पांढरे उमटे. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे (१८२०–८४) याने १८५६–५७ च्या सुमारास समुद्र व आकाश यांची स्वतंत्र व्यस्त चित्रे (निगेटिव्ह) जोडून ही अडचण टाळली. छायाचित्रातील ‘लबाडी’ अलीकडची आहे असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

कार्लटन वॉटकिन्स (१८२९–१९१६) याने १८६१ मध्ये कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्याची सु. ४६ × ५६ सेंमी. आकाराच्या काचपट्ट्यांवर चित्रे घेतली व ती १८६२ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रदर्शित झाली. ३० जून १८६४ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी हे खोरे सार्वजनिक उपयोगासाठी कॅलिफोर्निया राज्याकडे सोपविणाऱ्या अधिनियमावर स्वाक्षरी केली. निसर्गदृश्याचे छायाचित्र आणि भूमिरक्षणाचा कायदा यांची सांगड येथून पडली.

सर्ववर्णसंवेदी पट्ट्या १९०६ पासून बाजारात आल्या आणि रंगीत गालकांच्या (फिल्टरांच्या) साहाय्याने आकाशाची छटा हाती आली. याचे सर्वांत बोलके उदाहरण ॲन्सेल ॲडम्स (१९०२–८४) याचे आहे. १० एप्रिल १९२७ रोजी योसेमिटीतील हाफ डोम या कड्यासमोर तो पोहोचला, तेव्हा त्याच्याजवळ दोनच काचपट्ट्या उरल्या होत्या. पहिली त्याने पिवळा गालक लावून उद्भासित केली. पण आकाश फिकट उमटेल आणि कड्याची भव्यता हरवेल हे ध्यानात येताच दुसऱ्या पट्टीसाठी त्याने गडद तांबडा गालक लावला. आकाश जवळजवळ काळे झाले. डोळ्यांना असे आकाश त्या दिवशी दिसले नव्हते. मनास जाणवलेले मात्र ते होते, असे त्याचे म्हणणे. १९३२ मध्ये एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम प्रभृतींसह त्याने ‘एफ ६४’ हा गट स्थापन केला. अत्यंत लहान छिद्रामुळे जवळच्या दगडापासून दूरच्या शिखरापर्यंत सर्व काही रेखीव यावे, हा या गटाचा आग्रह त्याच्या नावातच आहे.

ॲडम्स व फ्रेड आर्चर यांनी १९३९–४० च्या सुमारास सिद्ध केलेल्या क्षेत्रपद्धतीत शुद्ध काळ्यापासून शुद्ध पांढऱ्यापर्यंत ११ क्षेत्रे कल्पिली असून प्रत्येक क्षेत्र मागील क्षेत्राच्या दुप्पट उद्भासनाचे असते. छायाचित्रकाराने दृश्यातील सावली कोणत्या क्षेत्रात बसवावयाची ते ठरवून उद्भासन करावे, आणि उजळ भाग आवरण्यासाठी विकासनाचा काळ कमीअधिक करावा, हे या पद्धतीचे सार होय. सुट्या फिल्मला हे शक्य आहे. ३६ चित्रांच्या गुंडाळीस नाही, कारण तीत ऊन व ढगाळ हवा एकत्र नांदत असतात. मधले पाचवे क्षेत्र हे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे करडे असते. प्रकाशमापकाला सारे जग याच छटेचे वाटते. सह्याद्रीत पावसाळ्यात घाटमाथ्यावर धुके भरले असता मापकाचा आकडा जसाच्या तसा मानल्यास पांढरे धुके मळकट उमटते. तेथे एक ते दीड टप्पा अधिक प्रकाश द्यावा लागतो. दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते व उद्भासित फिल्मवरील सुप्त प्रतिमाही क्षीण होते, म्हणून तिचे विकासन लांबवू नये. भारतात आयातनिर्बंधांमुळे फिल्म दीर्घकाळ महाग होती. उदकमंडलम् येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात १९६७ पासून उत्पादन सुरू झाले व त्याची ‘इंदू’ ही कृष्णधवल फिल्म पुढे अनेक हौशी छायाचित्रकारांच्या हाती आली. हा कारखाना नंतर बंद पडला. १२० आकाराच्या गुंडाळीवर चौरस चित्रे बाराच निघत. बारा चित्रांत एक गड पाहावयाचा म्हणजे आधी गडाभोवती हिंडणे आले, आणि ते हिंडणे हीच पुष्कळांची खरी कमाई ठरली.

कोडॅक्रोम (१९३५) व तीनंतरच्या पारदर्शिका फिल्म यांनी रंग आणले, पण मोकळीक आणली नाही. अर्ध्या टप्प्याची चूकही त्यांत दिसून येई. अमेरिकन छायाचित्रकार एलियट पोर्टर (१९०१–९०) याने कॉलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅन्यन या घळीची रंगीत चित्रे घेतली. ती १९६३ मध्ये ग्रंथरूपाने आली, आणि त्याच वर्षी धरणाचे पाणी घळीत चढू लागले.

ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर असाच प्रसंग दोनदा आला. लिथ्युएनियाहून आलेला ओलेगस ट्रुकॅनस (१९२३–७२) हा तेथील जलविद्युत् आयोगाचा नोकर होता. याच आयोगाच्या योजनेत पेडर सरोवर व त्याचा क्वॉर्ट्‌झी वाळूचा किनारा बुडणार होता. त्याच्या पारदर्शिकांचा संग्रह १९६७ च्या वणव्यात घरासह जळाला. त्याने पुन्हा डोंगर तुडवून चित्रे घेतली व होबार्ट येथे ती पडद्यावर दाखवून लोकांना सरोवराची ओळख करून दिली. १९७२ च्या जानेवारीत गॉर्डन नदीची चित्रे नव्याने घेण्यास गेला असता तो बुडाला. त्याच वर्षी सरोवरही बुडाले. त्याचा शिष्य पीटर डोंब्रॉव्हस्किस (१९४५–९६) हा मोठ्या आकाराच्या सुट्या फिल्मचा कॅमेरा पाठीवर घेऊन फ्रँक्लिन नदीतून हिंडला. धुक्यात वेढलेल्या, खडकाभोवती वळणाऱ्या या नदीचे त्याचे चित्र नियोजित धरणाच्या विरोधकांनी १९८३ च्या निवडणुकीत वृत्तपत्रांतून रंगीत छापले. ५ मार्च १९८३ रोजी धरणविरोधी मजूर पक्ष विजयी झाला, आणि १ जुलै रोजी तेथील उच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी केंद्र शासनाच्या बाजूने निकाल दिला. धरण झाले नाही. हे एकट्या चित्राचे श्रेय मानणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि ज्या मतदारांनी ती नदी कधीच पाहिली नव्हती, त्यांच्यापुढे ती याच चित्राने ठेवली.

या परंपरेत एक मोठा दोषही आहे. तिच्यातील निसर्ग जवळजवळ नेहमी निर्मनुष्य असतो. योसेमिटीतील आवानीची लोकांना १८५१ मध्ये सशस्त्र तुकडीने खोऱ्यातून हुसकले होते, म्हणजे वॉटकिन्सच्या चित्रांतील शांततेच्या अवघी दहा वर्षे आधी. फ्रँक्लिनकाठच्या कुटिकिना गुहेत तर हिमयुगातील मानवी वस्तीचे विपुल अवशेष मिळाले आणि न्यायालयीन वादात त्यांनाही महत्त्व आले. ‘अस्पर्श’ म्हणून गाजलेली नदी हजारो वर्षांपूर्वी मानवाच्या वहिवाटीची होती. चित्र चौकटीबाहेर काय ठेवते, हा प्रश्न छायाचित्रकाराच्या पूर्वनिर्णयाचाच भाग आहे, आणि क्षेत्रपद्धतीत त्यासाठी कोणतेही क्षेत्र नाही.

२००० नंतर अंकीय कॅमेऱ्यांनी फिल्म मागे सारली. कोडॅक्रोमचे उत्पादन २००९ मध्ये थांबले व तिचे विकासन करणारी अमेरिकेतील अखेरची प्रयोगशाळा ३० डिसेंबर २०१० पर्यंतच फिल्म स्वीकारीत होती. कृष्णधवल फिल्म मात्र अद्याप तयार होतात, आणि एक्टाक्रोम ही रंगीत पारदर्शिका फिल्म २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आली. पेडर सरोवराचा मूळ किनारा आजही जलाशयाखाली असून तो पुन्हा उघडा करावा अशी मागणी होत असते. तो कसा होता हे पाहण्यासाठी ट्रुकॅनसच्या पारदर्शिकांकडेच वळावे लागते.