पेरूचा समुद्र आणि वऱ्हाडचे आभाळ

वऱ्हाडाला समुद्र नाही. पूर्णाकाठचा खारपाणपट्टा, एवढीच काय ती आमची खाऱ्या पाण्याशी ओळख! मग अमरावती-अकोल्याच्या श्रोत्यांपुढे सागरातील मासळीचा इतिहास कशाला, असे कोणी विचारील. त्याने 1972 साल आठवावे.

दक्षिण अमेरिकेतील पेरूच्या किनाऱ्याला समांतर वारे वाहतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि त्याची जागा घ्यावयास खोलातले थंड पाणी वर येते. त्यात नायट्रेट व फॉस्फेट असतात. म्हणजे शेताला शेणखत तसे ते समुद्राला. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर अँचोव्ही नावाची लहान मासळी, आणि तिच्यावर पक्षी. या पक्ष्यांच्या विष्ठेचे खत एकोणिसाव्या शतकात युरोपची शेते पिकवीत होते. आमच्या पश्चिम किनाऱ्यावरही, विशेषतः केरळाजवळ, पावसाळ्यात असेच पाणी वर येते. तारली आणि बांगडा त्यावरच पोसतात.

काही वर्षी मात्र पेरूकडचा समुद्र तापतो. वरच्या उबदार पाण्याचा थर जाड होतो आणि खालचे खत वर पोहोचत नाही. यालाच एल निनो म्हणतात. 1899-1900 च्या दुष्काळाने वऱ्हाडही होरपळला, तेव्हा हा संबंध कोणाला ठाऊक नव्हता. 1904 साली हिंदी वेधशाळांचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर मोसमी पावसाचे भाकीत शोधू लागले. पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरील हवेचा दाब तराजूच्या पारड्यांसारखा वरखाली होतो, हे त्यांनी आकड्यांवरून ताडले. त्याची सांगड पॅसिफिकच्या तापण्याशी याकोब ब्यर्कनेस यांनी 1969 मध्ये घातली. एल निनो आला की दुष्काळ पडतोच असे नव्हे. 1997 साली तो प्रबळ असूनही देशातील पाऊस सरासरीइतका झाला.

1972 साली मात्र दोन्ही घडले. महाराष्ट्रात माणसे खडी फोडावयास गेली आणि पेरूत जाळी रिकामी आली. 1970 मध्ये तेथे एक कोटी वीस लाख टनांहून अधिक अँचोव्ही मिळाली होती. 1973 मध्ये तिचा पाचवा हिस्साही उरला नाही. सारा दोष समुद्राचा नव्हे. बेसुमार मासेमारीने साठा आधीच खचला होता.

मासळीची भुकटी हे कोंबड्या-डुकरांचे खाद्य. ती आटताच सोयाबीनच्या पेंडीला मागणी आली, भाव भडकले, आणि जून 1973 मध्ये अमेरिकेने सोयाबीनची निर्यात रोखली. जपानने ब्राझीलकडे नजर वळविली. वऱ्हाडात हे पीक पसरले ते बरेच पुढे आणि निराळ्या कारणांनी. परंतु अकोल्याच्या बाजारातील त्याचा भाव आज ब्राझीलच्या पिकाबरोबरही हलतो.