‘सरवा वेचणाऱ्या’: मूळ चित्र आणि छापील प्रत

कोणतेंहि थोर चित्र एकाच भिंतीवर असतें. त्याच्या छापील प्रती मात्र देशोदेशीं फिरतात. ज्यांनीं मूळ चित्र पाहिलें असे थोडे, आणि ज्यांनीं केवळ प्रत पाहिली असे पुष्कळ. त्यामुळें लोकांच्या मनांत चित्राचा जो अर्थ रुजतो तो बहुधा प्रतीवरून रुजतो. प्रतीनें रंगांत थोडें उणेंअधिक केलें तर त्याची तक्रार कोणी करीत नाहीं. परंतु प्रतीमुळें चित्राचा अर्थच पालटला तर? झां-फ्रांस्वा मिले (१८१४–१८७५) या फ्रेंच चित्रकाराच्या ‘सरवा वेचणाऱ्या’ या चित्राच्या बाबतींत असें घडलें आहे, असें आमचें मत आहे. तें येथें थोडक्यांत मांडतों.

पीक कापून नेल्यावर शेतांत गळून राहिलेलीं कणसें म्हणजे सरवा. आपल्या ज्वारी-बाजरीच्या शिवारांतहि तो वेचणाऱ्या गरीब बायका अपरिचित नाहींत. एरव्हीं आपल्या भाषेंत त्यासाठीं स्वतंत्र शब्द कशाला असता? फ्रान्समध्यें ही वेचणी म्हणजे गरिबांचा जुना हक्क होता. १५५४ च्या राजाज्ञेनें तो वृद्ध, अपंग, लहान मुलें अशा दुर्बळांपुरता राखला. पुढें १८१० च्या दंडसंहितेनें शेत पुरतें मोकळें होण्यापूर्वीं, तसेंच सूर्योदयापूर्वीं व सूर्यास्तानंतर सरवा वेचण्यास मनाई केली. म्हणजे ही भिक्षा नव्हती हें खरें, पण हक्क म्हणावा तर तोहि पाहऱ्याखालचा.

मिले हा नॉर्मंडींतील शेतकरी कुटुंबांत जन्मलेला. १८४९ सालीं तो पॅरिस सोडून बार्बिझाँ या खेड्यांत राहावयास आला, आणि तेथल्या शिवारांतील हें दृश्य रंगवून त्यानें तें १८५७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनांत मांडलें. चित्र सुमारें ८४ सेंटिमीटर उंच आणि १११ सेंटिमीटर रुंद आहे. पुढच्या बाजूस तीन स्त्रिया आहेत. दोघी कमरेंत पार वांकून कणसें उचलीत आहेत, तिसरी अर्धवट वांकलेली आहे. एकीनें वेचलेली मूठ पाठीवर धरली आहे. वांकलेल्या दोघींच्या पाठी क्षितिजाच्या रेषेखालींच राहतात. पण चित्र एवढ्यावर संपत नाहीं. दूर, लख्ख उजेडांत, धान्याच्या प्रचंड गंजी, भरलेली गाडी, कापणी करणाऱ्या मजुरांचा घोळका, आणि उजवीकडे घोड्यावर बसून देखरेख करणारा एक इसम दिसतो. पुढें मूठभर कणसें, मागें गाडीभर धान्य, आणि दोहोंच्या मध्यें कापलेलें मोकळें रान. ही तुलना हाच चित्राचा खरा विषय होय.

१८५७ च्या प्रेक्षकांस तो विषय तत्काळ कळला, म्हणूनच ते चपापले. १८४८ च्या क्रांतीस नऊच वर्षें लोटलीं होतीं. एका टीकाकारास या तिघींच्या मागें दंगेखोरांचे भाले आणि १७९३ सालचे वधस्तंभ दिसले. दुसऱ्यानें त्यांस दारिद्र्याच्या तीन दैवतांची उपमा दिली. मिलेस या चित्राचे ३,००० फ्रँक मिळाले. बत्तीस वर्षांनीं, १८८९ सालीं, तें ३,००,००० फ्रँकांस विकलें गेलें, आणि १८९० सालीं शँपेनच्या व्यवसायांतील श्रीमती पॉमरी यांनीं तें लूव्हर संग्रहालयास दिलें. आज तें पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयांत आहे. चित्रांतील एक रेघहि बदलली नव्हती. तरी ज्याची भीति वाटे तें सर्वांच्या आवडीचें झालें. काळ निवळला हें त्याचें एक कारण. दुसरें कारण आम्हांस छापील प्रतींत दिसतें.

याच विषयाचा एक छाप मिलेनें स्वतः, चित्रापूर्वीं, १८५५–५६ च्या सुमारास तांब्याचा पत्रा अम्लानें कोरून काढला होता. पण लहान पत्र्यावर कोणती रेघ ठेवावी आणि कोणती गाळावी हें तेथें कलावंतच ठरवीत होता. छायाचित्रावरून प्रती निघूं लागल्यावर ही निवड यंत्राकडे गेली. आरंभींच्या छायाचित्रणाच्या कांचा तांबड्या-पिवळ्या रंगांस जवळजवळ आंधळ्या असत. फोगेल या जर्मन रसायनज्ञानें १८७३ सालीं त्यांत रंगद्रव्य मिसळून हा दोष घालविण्याची वाट दाखविली. तोंवर तांबडें फडकें काळें, निळें फडकें पांढुरकें उमटे, आणि सोनेरी ऊन करड्या छटेंत बुडून जाई. रंगीत छपाई आली तेव्हां रंग परतले, पण आकार लहानच राहिला. पुस्तकाच्या पानावर तिघी स्पष्ट दिसतात; घोडेस्वार मात्र शाईच्या ठिपक्याएवढा होतो. असा छाप दाखवून ‘चित्रांत माणसें किती?’ असें आम्ही वर्गांत विचारतों, तेव्हां बहुतेक विद्यार्थी ‘तीन’ असें उत्तर देतात. घोडेस्वार आणि गंजी दृष्टीआड झाल्या कीं उरतें तें कष्टाळू ग्रामजीवनाचें एक शांत, सोज्ज्वळ दृश्य. आणि असें दृश्य दिवाणखान्यांत टांगण्यास कोणाचीच हरकत नसते.

यावर कोणी म्हणेल, रविवर्म्याच्या छापखान्यानें १८९४ पासून देवादिकांचीं चित्रें घरोघरीं नेलीं, त्यांत काय बिघडलें? कांहीं बिघडलें नाहीं. लक्ष्मीची तसबीर लहान झाली म्हणून दर्शन लहान होत नाहीं. भक्ताची दृष्टि मूर्तीवर खिळलेली असते, आणि मूर्ति तर समोरच आहे. मिलेच्या चित्राचा अर्थ मात्र कोणत्याहि एका आकृतींत नाहीं. तो त्या मुठींत आणि त्या गाडींत जें अंतर आहे त्यांत आहे, आणि प्रत लहान होतांना आधीं आटतें तें हें अंतरच.

तेव्हां प्रतींचा धिक्कार करावा असें का आमचें म्हणणें आहे? मुळींच नाहीं. ज्यांस पॅरिसची वाट परवडत नाहीं त्यांस हें चित्र प्रतींनींच दाखविलें. फ्रेंच दिग्दर्शिका आन्येस व्हार्दा हिनें २००० सालीं सरवा वेचणाऱ्यांवर एक बोलपट काढला. त्याच्या आरंभीं शब्दकोशांत छापलेलें हेंच चित्र येतें. तेथून निघून ती शेतांत टाकून दिलेले बटाटे आणि बाजार उठल्यावर मागें राहिलेली भाजी वेचणाऱ्या आपल्या काळच्या माणसांपर्यंत पोंचली. शब्दकोशांतली ती प्रत कांहीं मोठी नव्हती. पाहणारी जाणती होती. वाचकांपैकीं ज्यांच्या संग्रहीं हा छाप असेल त्यांनीं त्या तिघींकडे पाहण्यापूर्वीं उजवीकडे, क्षितिजाजवळ, तो घोडेस्वार एकदां अवश्य शोधावा.