न बोललेला खासदार : लायनल डी रॉथशिल्ड आणि शपथेतले पाच-सहा शब्द

२६ जुलै १८५८. हाऊस ऑफ कॉमन्समध्ये पन्नाशीला टेकलेले एक गृहस्थ डोक्यावरची टोपी न काढता उभे राहिले, जुन्या करारावर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली आणि ते आपल्या आसनावर बसले. या काही मिनिटांच्या विधीसाठी त्यांना ११ वर्षे थांबावे लागले होते. #थ्रेड (१/१०)

लायनल डी रॉथशिल्ड यांचा जन्म १८०८ चा, लंडनमधला. १८३६ मध्ये वडील नेथन यांच्या निधनानंतर न्यू कोर्ट येथील पेढीची सूत्रे त्यांच्याकडे आली. सरकारांना कर्ज उभारून देणे हा या पेढीचा मुख्य व्यवसाय. (२/१०)

१८४७ हे साल ध्यानात ठेवावे. आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून भीषण दुष्काळ पडला होता. १ जानेवारीला रॉथशिल्ड यांच्याच कचेरीत ‘ब्रिटिश रिलीफ असोसिएशन’ची स्थापना झाली. राणी व्हिक्टोरियाने तिला २,००० पौंड दिले. (३/१०)

त्याच वर्षी सरकारने दुष्काळनिवारणासाठी ८० लाख पौंडांचे कर्ज काढले, तेही रॉथशिल्ड आणि बेअरिंग या पेढ्यांमार्फत. देणगी हे दान होते, कर्ज हा व्यवहार होता. या दोहोंची गल्लत करू नये. आणि या साऱ्या मदतीनंतरही दुष्काळाने सुमारे दहा लाख बळी घेतले, हेही विसरू नये. (४/१०)

त्याच उन्हाळ्यात लंडन सिटीच्या मतदारांनी लायनल यांना निवडून दिले. सोबतचे एक विजयी उमेदवार होते खुद्द पंतप्रधान लॉर्ड जॉन रसेल. परंतु सभागृहाचे दार लायनल यांना बंदच राहिले. (५/१०)

कारण शपथ. तिच्या अखेरीस ‘ख्रिस्ती माणसाच्या खऱ्या श्रद्धेस स्मरून’ अशा आशयाचे शब्द होते. ज्यूधर्मीय लायनल ते उच्चारणार कसे? ज्या राज्याला त्यांच्या पेढीचे कर्ज चालत होते, त्या राज्याला त्यांची शपथ चालत नव्हती. (६/१०)

रसेल यांनी विधेयक आणले. कॉमन्सने ते संमत केले, लॉर्ड्सने फेटाळले. पुढे हाच क्रम वारंवार घडला. १८४९ मध्ये लायनल यांनी राजीनामा देऊन पुन्हा कौल मागितला व जिंकला. १८५० मध्ये ते वादग्रस्त शब्द गाळून शपथ घेऊ लागले, तेव्हा त्यांना बाहेर जाण्यास सांगण्यात आले. (७/१०)

१८५१ मध्ये ग्रिनिचचे डेव्हिड सालोमन्स यांनी वेगळी वाट धरली. ते शब्द वगळून ते थेट आसनावर बसले, मतदानही केले आणि त्यापायी त्यांना ५०० पौंड दंड झाला. लायनल यांनी तसे केले नाही. ते निवडून येत राहिले : १८४७, १८४९, १८५२ आणि १८५७ मध्ये दोनदा. अखेर १८५८ च्या कायद्याने प्रत्येक सभागृहाला आपापली शपथ ठरवण्याची मुभा दिली. (८/१०)

१८७५ मध्ये इजिप्तच्या खेदिवाने सुवेझ कालव्याचे समभाग विकावयास काढले. संसदेचे अधिवेशन चालू नव्हते. डिझरायली यांना ४० लाख पौंड तातडीने हवे होते, ते लायनल यांनी दिले. मुंबई आणि लंडन यांना जवळ आणणाऱ्या जलमार्गात ब्रिटनचा सुमारे ४४ टक्के वाटा आला. पेढीने त्यावर अडीच टक्के, म्हणजे १ लाख पौंड, दलाली घेतली. त्यावरून टीकाही झाली. (९/१०)

१८७९ मध्ये लायनल निवर्तले. १८५८ नंतरच्या संसदीय कारकिर्दीत त्यांनी सभागृहात एकही भाषण केले नाही. म्हणून ती निष्फळ ठरवावी काय? मला तसे वाटत नाही. त्यांचा लढा बोलण्यासाठी नव्हताच, आपला धर्म बाहेर न ठेवता आत बसता यावे यासाठी होता. दुष्काळाला निधी आणि कालव्याला कर्ज देणाऱ्या या सावकाराची सर्वांत मोठी लोकसेवा पैशाच्या हिशेबात सापडत नाही, ती त्या रिकाम्या राहिलेल्या आसनात सापडते. (१०/१०)