डाग, साबण आणि अहिंसा



अभिषेकाच्या धोतरावरचे दूध-हळदीचे डाग हा आपल्या घराघरातला जुना विषय. डाग काढायचा म्हटलं की आपल्याला दोन प्रश्न पडतात. डाग निघेल का? आणि ज्याने निघेल, त्यात काय आहे? या दुसऱ्या प्रश्नालाही मोठा इतिहास आहे.

आपल्या पणज्यांना तो फारसा पडत नसे. रेशमी सोवळ्याला रिठा, जाड सुती कपड्याला खार, नाहीतर परटाची भट्टी. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं, त्यामुळे फेस येतो आणि तेलकटपणा सुटतो. सगळं झाडाचं नाहीतर मातीतलं.

मग विलायती साबण आला. लिव्हर ब्रदर्सचा सनलाईट १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात उतरला. त्यात वनस्पती तेलांबरोबर टॅलो, म्हणजे जनावराची चरबीही असे. शाकाहारी घरांची अडचण अर्देशिर गोदरेज यांनी ओळखली. १९१८च्या सुमारास त्यांनी निव्वळ वनस्पती तेलाचा 'चावी' साबण काढला. स्वदेशीचे दिवस होते, त्यामुळे धर्म आणि देश दोन्ही सांभाळले गेले.

१९५९ साली सर्फ आलं, १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेलांचं निरमा. या पावडरींचा मुख्य घटक खनिज तेलापासून बनवलेला, म्हणून चरबीचा प्रश्न मागे पडला. पण अंगाच्या साबणाचा राहिलाच. १९८३ साली वनस्पती तुपात चरबीची भेसळ झाल्याचं प्रकरण गाजलं आणि टॅलोच्या आयातीवर बंदी आली. आपल्या वयाच्या बायकांना ते दिवस आठवत असतील. तेव्हापासून वेष्टन वाचून साबण घ्यायची सवय अनेकींना लागली.

आता डाग काढणारी एन्झाइमं आली आहेत. ही कल्पना नवी नाही. जर्मनीत ऑटो रोम यांनी १९१४ साली 'बर्नस' नावाची पावडर काढली, तिच्यातलं एन्झाइम जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं होतं. आजची एन्झाइमं बहुतेक जिवाणू किंवा बुरशी वाढवून मिळवतात. ते आपल्या व्रतात बसतं का, हे जिने तिने ठरवायचं. पण ठरवायला माहिती हवी, म्हणून हे लिहिलं. एक व्यवहाराची गोष्ट मात्र सगळ्यांसाठी आहे: प्रथिनं तोडणारं एन्झाइम रेशमालाही खातं, कारण रेशीम हे प्रथिनच. रेशमी सोवळं त्यात कधी भिजवू नका.

पांढऱ्या सुती धोतरासाठी यातलं काहीच लागत नाही. दुधाचा डाग आधी गाळलेल्या थंड पाण्यात भिजवा, गरम पाण्याने तो धाग्यात घट्ट बसतो. मग तेलाचा साबण लावा. हळद लाल होईल, घाबरू नका, खाराने तिचा रंग तसा बदलतोच. ओलं धोतर कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. डाग मुरलेला असेल तर दोन-तीन दिवस हेच करा. पाणी एका बादलीपेक्षा जास्त लागत नाही, आणि पाण्यातले जीव वाचवणं हाही आपल्या धुण्याचाच भाग आहे.