गोव्याचा तंटा आणि मराठी वृत्तपत्रे

हाटकेशच्या नाक्यावर सकाळी वृत्तपत्रांची फळी पाहिली, की मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशी चार भाषांतली पत्रे शेजारी शेजारी मांडलेली दिसतात. एरवी प्रत्येकाची पहिल्या पानाची बातमी वेगळी असते. परदेशाशी काही तंटा उपस्थित झाला, की मात्र चारही भाषांचा सूर एक होतो, आणि तो सूर बहुधा दिल्लीच्या परराष्ट्र खात्याच्या सुराशी जुळणारा असतो. ‘वृत्तपत्रे सरकारला भितात’ असे याचे सोपे उत्तर दिले जाते. मला ते पुरेसे वाटत नाही. आपल्याच मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात एक प्रकरण असे आहे, की ज्यात सरकार ‘थांबा’ म्हणत होते आणि वृत्तपत्रे ‘चला’ म्हणत होती. ते प्रकरण गोव्याचे.

गोवा हा दिल्लीच्या लेखी परराष्ट्र धोरणाचा विषय होता. पोर्तुगाल हे सार्वभौम राष्ट्र, त्याच्याशी बोलणी, खलिते, वकिलाती, असा सगळा मामला. मराठी वाचकाला मात्र तो परराष्ट्राचा वाटतच नव्हता. आमच्या मीरा-भाईंदरचेच पाहा. हाटकेशपासून जवळच घोडबंदरचा किल्ला आहे, खाडीपलीकडे वसईचा. घोडबंदर मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतला आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली. उत्तन, डोंगरी या गावांतली चर्चे त्या राजवटीची साक्ष देत अजून उभी आहेत. पोर्तुगिजांशी झालेला तंटा हा असा शाळेच्या इतिहासातून, पोवाड्यातून आणि कुलदैवतांच्या वाटेने घराघरांत पोचलेला होता. मंगेशी आणि शांतादुर्गेला जाणाऱ्या माणसाला ‘हे परराष्ट्र आहे’ असे सांगून पटणार कसे? त्यामुळे गोव्याबाबत मराठी संपादकाचा वाचक त्याच्याही पुढे उभा होता, हे आधी लक्षात घ्यायला हवे.

१८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावला सभाबंदी मोडली. पुढच्याच वर्षी देश स्वतंत्र झाला आणि गोवा तसाच राहिला. नेहरूंचे धोरण होते, की हा प्रश्न शांततेने, बोलण्यातून सोडवायचा. सालाझार बोलायलाच तयार नव्हते. त्यांच्या मते गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच एक प्रांत होता, आणि १९५१ मध्ये तशी घटनादुरुस्तीही त्यांनी करून घेतली होती.

१९५४ मध्ये पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती स्थापन झाली. तिच्या आघाडीवर ‘केसरी’चे जयंतराव टिळक होते. म्हणजे ज्या पत्राने सत्याग्रहाची बातमी द्यायची, त्याच पत्राचा कर्ता माणूस सत्याग्रह उभारत होता. आजच्या पत्रकारितेच्या वर्गात हे सांगितले तर विद्यार्थी भुवया उंचावतील. त्या काळी पुण्यात कुणाला त्यात वावगे वाटले असेल, असे मला वाटत नाही. टिळक-आगरकरांपासून आपल्याकडे वृत्तपत्र आणि चळवळ एकाच घरात नांदत आली होती.

मे १९५५ मध्ये ना. ग. गोरे आणि सेनापती बापट यांची पहिली तुकडी सीमा ओलांडून गेली. गोऱ्यांना मारहाण झाली, दहा वर्षांची शिक्षा झाली. जुलैमध्ये मधु लिमये गेले, त्यांचेही तेच झाले. मग आला १५ ऑगस्ट १९५५ चा दिवस. पत्रादेवीला आणि इतर नाक्यांवर हजारो निःशस्त्र माणसे सीमेपलीकडे गेली आणि पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या चालवल्या. वीसहून अधिक माणसे मारली गेली. दुसऱ्या दिवशी मुंबईत हरताळ झाला.

इथे सरकार आणि वृत्तपत्रे यांची वाट फुटली. नेहरूंनी पोर्तुगालशी संबंध तोडले, गोव्याची आर्थिक कोंडी केली. पण सप्टेंबरमध्ये सामुदायिक सत्याग्रहही बंद करायला लावला. जगभर शांततेचा पुरस्कार करणाऱ्या देशाने लोकांचे लोंढे सीमेपलीकडे पाठवणे त्यांना मान्य नव्हते. मराठी वृत्तपत्रांत यावर संताप उसळला. आपण नेहमी समजतो, की सरकारला लढाई हवी असते आणि स्वतंत्र बाण्याचे पत्र सरकारला आवरते. १९५५ मध्ये नेमके उलटे झाले.

या संतापात केवळ गोवा नव्हता, हेही सांगायला हवे. त्याच सप्टेंबरअखेर राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल सादर झाला आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी त्यात फेटाळली गेली. एस. एम. जोशी, गोरे, जयंतराव ही मंडळी दोन्ही लढ्यांत होती. मोरारजींच्या सरकारवरचा राग आणि नेहरूंच्या गोवा धोरणावरचा राग एकमेकांत मिसळले. १५ नोव्हेंबर १९५६ ला आचार्य अत्र्यांचा दैनिक ‘मराठा’ निघाला तो याच तापलेल्या हवेत. परराष्ट्र धोरणावरचे अग्रलेख वाचताना घरातले कोणते भांडण त्यांच्या मागे उभे आहे, ते पाहावे लागते. नाहीतर अग्रलेख अर्धाच वाचला जातो.

सरकारशी भांडणारी हीच वृत्तपत्रे दुसऱ्या एका बाबतीत मात्र सरकारच्या सोयीचे मौन पाळत होती. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली. सुधीर फडके, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखे तरुण त्यात होते, आणि त्यासाठी पैसा उभा करायला लता मंगेशकरांनी पुण्यात हिराबागेत कार्यक्रम केला होता. हे सारे खरेच आहे. सरकारचे म्हणणे असे, की हा लोकांचा उठाव आहे, आमचा त्यात हात नाही. पण दमणहून कुमक येऊ नये म्हणून वाट कुणी अडवली होती? मधला प्रदेश भारताचा होता आणि तिथे मुंबई राज्याचे पोलीस होते. हा प्रश्न आपल्या पत्रांनी फारसा विचारला नाही. तो विचारला पोर्तुगालने, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात, डिसेंबर १९५५ मध्ये.

तो खटला मराठी माणसाने मुद्दाम वाचावा असा आहे. पोर्तुगालचा दावा १७७९ च्या पेशव्यांशी झालेल्या तहावर आणि त्यानंतरच्या १७८३ व १७८५ च्या सनदांवर उभा होता. बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पेशव्यांनी दिली, म्हणजे त्यांचे स्वामित्वच दिले, असे त्यांचे म्हणणे. भारताच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड उभे होते आणि न्यायाधीशांत भारतातर्फे न्या. छागला बसले होते. मोडीतल्या कागदांवर, ‘जहागीर’ आणि ‘सरंजाम’ या शब्दांवर हेगमध्ये कीस पाडला गेला. सरंजाम म्हणजे वसुलाचा हक्क, भूमीचे स्वामित्व नव्हे, हे न्यायालयाने मानले. मात्र पुढे इंग्रजांनी आणि त्यांच्यानंतर भारताने त्या गावांवरची पोर्तुगीज सत्ता व्यवहारात मान्य केली होती, असेही म्हटले. १२ एप्रिल १९६० चा निकाल असा, की खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्या-येण्याचा हक्क पोर्तुगालला होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि हत्यारे यांना नव्हता. आणि १९५४ मध्ये भारताने वाट अडवली तीत कर्तव्यभंग झाला नाही. दोन्ही देशांनी आपणच जिंकलो असे जाहीर केले. एकच निकाल, दोन राजधान्यांत दोन विजय. वाचकाने तो सबंध वाचला असता, तर त्याला कळले असते की आपली बाजू बरीचशी बरोबर होती, पण सगळी नव्हे.

मग १९६१ उजाडले. नोव्हेंबरमध्ये अंजदीव बेटावरून ‘साबरमती’ या बोटीवर गोळीबार झाला, पुढे एका मच्छीमारावरही झाला. डिसेंबरात वृत्तपत्रांचे रकाने पोर्तुगिजांच्या लष्करी तयारीच्या बातम्यांनी भरले. या वेळी सरकार आणि वृत्तपत्रे यांची तोंडे एकाच दिशेला होती. प्रत्यक्षात गोव्यात पोर्तुगिजांचे साधारण साडेतीन हजार सैनिक होते, लढाऊ विमान एकही नव्हते आणि युद्धनौका होती ती ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ ही एक. कारवाई सुमारे छत्तीस तासांत आटोपली. गोवा मुक्त व्हायलाच हवा होता, याविषयी माझ्या मनात किंतु नाही. पण समोरच्याची ताकद किती, हे त्या पंधरवड्यात वाचकाला सरळ कळले नाही. त्या कारवाईला आपण ‘मुक्ती’ म्हटले आणि पाश्चात्त्य पत्रांनी ‘आक्रमण’. आपापल्या देशाचे धोरण जो तो एकेका शब्दात बसवत होता.

या साऱ्यात खुद्द गोवेकर कुठे होता? सालाझारच्या अमलात पणजी-मडगावची पत्रे सेन्सॉरच्या नजरेखालून जात. त्यामुळे गोव्याच्या माणसाला स्वतःबद्दल बोलायला गोव्याबाहेर यावे लागले. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा मुंबईतून ‘फ्री गोवा’ काढत. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी नोव्हेंबर १९५५ पासून आंबोलीच्या आणि पुढे कॅसल रॉकच्या रानातून एक गुप्त नभोवाणी केंद्र चालवले. कोकणीत आणि पोर्तुगीज भाषेत, सहा वर्षे. आज हे भाषण नभोवाणीवर करताना त्या दोघांची आठवण होणे साहजिक आहे. आपली वृत्तपत्रे वीरांविषयी भरभरून लिहीत होती. कोंडीमुळे मुंबईहून घरी पैसे पाठवता येत नाहीत म्हणून हवालदिल झालेल्या गोवेकर खलाशाविषयी आणि आचाऱ्याविषयी मात्र थोडेच.

पोर्तुगालात काय झाले, तेही पाहा. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांना लिस्बनहून हुकूम होता, की शरणागती नाही, विजय किंवा मृत्यू. त्यांनी १९ डिसेंबरला शरणागती पत्करली आणि माणसे वाचवली. तीन हजारांवर युद्धकैदी मे १९६२ मध्ये मायदेशी परतले. १९६३ मध्ये वासालो ई सिल्वा यांना लष्करातून काढून टाकण्यात आले. सेन्सॉरखालच्या लिस्बनच्या पत्रांत त्यांची बाजू छापून येणे शक्यच नव्हते. एप्रिल १९७४ मध्ये तिथली हुकूमशाही कोसळली, सेन्सॉर गेला आणि वासालो ई सिल्वांना त्यांचा हुद्दा परत मिळाला. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य करणाऱ्या करारावर पोर्तुगालने सही केली. वासालो ई सिल्वा नंतर गोव्याला आले, तेव्हा लोकांनी त्यांचे आपुलकीने स्वागत केले.